सही कोण करणार?

(पुण्यात स्त्री-संघटनांच्या आरोग्यविषयक मेळाव्यात एका डॉक्टर कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळी चहाच्या वेळी भोरकडून आलेल्या एका आशाताईंनी मला कोपऱ्यात गाठलं. हातात आपल्या प्रस्तावाचा कागद होता. म्हणाल्या, "डॉक्टर, यात लिहिलंय, तरुण डॉक्टरणींना वर्षभर शिष्यवृत्ती द्यायची, म्हणजे त्या आरोग्याच्या धोरणासाठी काम करतील. आम्ही २०२३ च्या ऑक्टोबरात संपावर बसलो, तेव्हा आम्हाला कुणी शिष्यवृत्ती दिली नाही. डॉक्टरीणबाईंना पैशाची काय ददात हो?"

मी तयारी करून आले होते वेगळ्याच भाषणाची. पण हा प्रश्न चुकवून पुढं गेले, तर तुमच्यापैकी निम्म्याजणी मनातल्या मनात हेच विचारत बसतील. म्हणून तिथूनच सुरुवात करते. आणि आधी माझी एक जुनी गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडत नाही.

१९८० च्या दशकातली गोष्ट आहे. मी एमबीबीएस होऊन एका मोठ्या रुग्णालयात हाउसपोस्ट करत होते. कुठल्या, ते सोडून द्या. एका संध्याकाळी दोन कार्यकर्त्या वॉर्डाबाहेर येऊन थांबल्या. त्यांच्या पिशवीत एका पंचवीस वर्षांच्या बाईचे केसपेपर होते. बाईची गर्भपिशवी एका खाजगी दवाखान्यात काढली होती आणि त्यानंतर तिचं दुखणं वाढलं होतं. कागद सगळे इंग्रजीत. "एवढं वाचून सांगा," म्हणाल्या.

मी जिन्यात उभी राहून वाचले. पाच मिनिटं पुरली. अंगावरून पांढरं जातंय आणि ओटीपोटात दुखतंय, एवढीच तक्रार. गर्भाशय नेहमीच्या आकाराचं. पॅप तपासणी केलेली नाही. साधी गोळ्यांची एक फेरीसुद्धा देऊन पाहिलेली नाही. पुढच्या पानावर ऑपरेशनची संमती आणि खाली अंगठा. मी त्यांना म्हटलं, हे ऑपरेशन करायचं काही कारण या कागदांत तरी दिसत नाही.

"मग एवढंच लिहून द्याल का? सहीनिशी?"

मी सही केली नाही. ऑपरेशन करणारे डॉक्टर आमच्या सरांचे स्नेही होते. पुढची पोस्ट सरांच्या शब्दावर होती, आणि घरी माझ्या शिक्षणापायी काढलेलं कर्ज फिटायचं होतं. हे सगळं मी त्या दोघींना सांगितलंसुद्धा. त्यांतली मोठी म्हणाली, "असू द्या. तुमचंही बरोबर आहे." ते 'तुमचंही बरोबर आहे' मला अजून टोचतं. त्या बाईच्या तक्रारीचं पुढं काही झालं नाही, कारण तिला वैद्यकीय मत जोडलेलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी एका छोट्या संस्थेनं मला वर्षभरासाठी महिना बाराशे रुपये दिले. शिष्यवृत्ती हा शब्द फार मोठा झाला, आम्ही त्याला मानधन म्हणत होतो. खोलीचं भाडं, एसटीची तिकिटं आणि झेरॉक्स एवढ्यात ते संपायचं. पण त्या वर्षात मला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती. त्या वर्षात मी अशाच दोन केसपेपरांवर माझं मत लिहून दिलं, सहीनिशी. मी अचानक शूर झाले होते असं नाही. माझी भाकरी त्या सरांच्या हातात नव्हती, इतकंच.

तेव्हा ताई, डॉक्टरीणबाईंना ददात असते ती ही. पगार मिळतो, बहुतेकींना बरा मिळतो. पण पगार देणारा हात आणि तोंड दाबणारा हात पुष्कळदा एकच असतो.

आजची मुलगी डॉक्टर होते तेव्हाची स्थिती माझ्यापेक्षा सोपी नाही. खाजगी कॉलेजात शिकली असेल तर डोक्यावर लाखांचं कर्ज. सरकारी कॉलेजात शिकली असेल तर एक वर्षाच्या सेवेचा बॉण्ड, नाही केला तर दंड. मग पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, तिच्या तयारीत एक-दोन वर्षं खोलीत कोंडून घ्यायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली की महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही. म्हणजे औषधं का नाहीत हे जिला रोज दिसतं, तिलाच ते बोलायची बंदी. कॉर्पोरेट रुग्णालयात गेली तर तिथं महिन्याचं टार्गेट. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरच्या ७८ डॉक्टरांशी बोलून हे सगळं बाहेर काढलं. गद्रे यांचं 'कैफियत' तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. लग्नाच्या बाजारात गायनॅकॉलॉजिस्ट सुनेला फार मागणी, कारण सासऱ्यांचं नर्सिंग होम आयतं तयार असतं. मग त्या नर्सिंग होमच्या विरोधात जाईल असं धोरण सून कशाला मागेल?

या सगळ्यातून एक वर्ष सोडवून घेणं, एवढंच शिष्यवृत्तीचं काम.

आता, हे काही आपण नवीन शोधून काढलेलं नाही. याच शहरात १८८२ साली हंटर शिक्षण आयोगासमोर पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. वय चोविसाच्या आसपास. त्याच वर्षी नवरा गेलेला, कडेवर लहान मुलगी, आणि पुण्यात येऊन नुकताच आर्य महिला समाज काढलेला. त्या मराठीत बोलल्या आणि हंटरसाहेबांनी ती साक्ष भाषांतर करवून छापली. स्त्रियांच्या शाळांना स्त्री शिक्षिका आणि स्त्री तपासनीस हव्यात हे तर त्यांनी सांगितलंच. पण त्याबरोबर सांगितलं की बायकांना डॉक्टरकी शिकवा, पुरुष डॉक्टरापुढे दुखणं उघड करता येत नाही म्हणून बायका जीव गमावताहेत. पुढं १८८५ साली लेडी डफरिन फंड उभा राहिला. त्यात या साक्षीचा वाटा होता असं मानलं जातं. हिंदुस्थानातल्या मुलींना वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणं हे त्या फंडाचं एक मुख्य काम होतं.

मला यात लक्षात ठेवावीशी वाटते ती गोष्ट अशी, की रमाबाई डॉक्टर नव्हत्या. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या खऱ्या, पण कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. म्हणजे आरोग्याच्या धोरणासाठी पुण्यात झालेली ही वकिली एका डॉक्टर नसलेल्या बाईनं केली आणि त्यातून डॉक्टरणींसाठी पैसा उभा राहिला. आज आपण करतोय त्याचा क्रम हाच आहे. मागणी आधी आपली. डॉक्टर नंतर.

पण डफरिन फंडाची दुसरी बाजूही बघा. तो व्हाइसरॉयच्या बायकोचा फंड, सरकारी आश्रयाचा. धर्माच्या भानगडीत पडायचं नाही, कुणाला दुखवायचं नाही, असं त्याचं धोरण. फंडाच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरणींवर देखरेख पुरुष सिव्हिल सर्जनची. त्याबद्दल स्त्री-डॉक्टरांची तक्रार वर्षानुवर्षं चालली. १९०७ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्री-डॉक्टरांची संघटनाच काढली. मुलींना शिकवायला पैसे होते, पण शिकून आल्यावर त्यांनी काय बोलावं हे ठरवायची मोकळीक पैशांबरोबर आली नव्हती.

रखमाबाईंची गोष्ट याच्या उलट आहे, म्हणून मला त्या फार जवळच्या वाटतात. त्यांनी आधी तोंड उघडलं आणि मग त्या डॉक्टर झाल्या. १८८५ साली 'अ हिंदू लेडी' या नावानं टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून १८८४ ते १८८८ कोर्टकचेरी सोसली. त्यानंतर इथल्या आणि इंग्लंडमधल्या लोकांनी त्यांच्या शिक्षणासाठी पैसे जमवले, आणि १८८९ मध्ये त्या लंडनला शिकायला गेल्या. परत येऊन सुरत आणि राजकोटला आयुष्यभर दवाखाना सांभाळला. निवृत्त झाल्यावरही गप्प बसल्या नाहीत. पडद्याच्या चालीविरुद्ध १९२९ साली पुस्तिका लिहिली. जिला बोलता येतं हे आधी दिसलं होतं, तिच्यामागे लोकांनी पैसा उभा केला. आपल्या निवडीच्या निकषांत मी हे कुठंतरी घालू पाहतेय.

आणि सह्यांबद्दल बोलतोय तर १८९० विसरून कसं चालेल? कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. कायद्यात संमतीवय दहा होतं, त्यामुळे तो बलात्कार ठरत नव्हता. तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या ५५ स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. पुढाकार डॉ. मोनेल मॅन्सेल यांचा. अर्जात निबंध नव्हता, उपदेश नव्हता. त्यांच्या दवाखान्यांत आलेल्या १३ मुलींच्या हकिकती होत्या: वय काय, जखम कुठं, जगली की मेली. म्हणजे केसपेपरच. त्याच साली मुंबईत डॉ. एडिथ पीची-फिप्सन यांनी बालविवाहावर जाहीर भाषण केलं. विरोध केवढा झाला ते पुणेकरांना सांगायला नको. टिळकांचा 'केसरी' या विधेयकाविरुद्ध आघाडीवर होता. तरीही १८९१ मध्ये संमतीवय १२ झालं. बारा म्हणजे काय मोठं, असं आज वाटतं. पण धर्मशास्त्राच्या वादात सगळे पुरुष एकमेकांना श्लोक ऐकवत असताना, मुलीच्या शरीराचं काय होतं ते त्या तेरा हकिकतींनी मध्ये आणून ठेवलं. ते काम डॉक्टरच करू शकत होत्या, आणि त्यांनी ते सही करून केलं.

आपल्या काळाकडे येते. १९७४ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल सुरू झालं. त्यातले तरुण डॉक्टर १९८५ मध्ये भोपाळला जाऊन वायुपीडितांची पाहणी करून आले. त्या वर्षांत उच्च मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांविरुद्धची मोहीमही चालली होती. पाळी चुकली की दिवस गेलेत का हे बघण्यासाठी या गोळ्या सर्रास दिल्या जात, आणि गर्भ पडेल अशा समजुतीनंही बायका त्या घेत. पोटातल्या बाळाला त्यातून व्यंग येण्याचा धोका होता. १९८२ साली बंदीचा हुकूम निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि प्रत्यक्ष बंदी यायला १९८८ उजाडलं. सहा वर्षं! त्या सहा वर्षांत वस्तीवस्तीत "ती गोळी घेऊ नका" असं सांगत बायका फिरत होत्या. पण औषध नियंत्रकासमोर कंपनीच्या तज्ज्ञाला उत्तर द्यायला आपल्या बाजूचा डॉक्टर लागायचा. असे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ते बहुतेक सगळे पदरमोड करून यायचे. आपल्या चळवळीला पदरमोडीचं फार कौतुक आहे, मलाही होतं. पण नीट बघितलं तर चळवळीतली पदरमोड पुष्कळदा बायकोच्या पदराची असे. ती नोकरी करायची, म्हणून हा मोकळा. ज्या मुलीला घरून आधार नाही, जिच्यामागे आईवडील आणि कर्ज आहे, दलित किंवा आदिवासी घरातून जी पहिलीच डॉक्टर झाली आहे, तिनं पदरमोड कशी करावी? आणि नेमक्या तिलाच वस्तीतलं दुखणं आतून माहीत असतं. पैसे न देता काम मागितलं की काम करायला खात्यापित्या घरातलेच येणार.

मधल्या काळात बाहेरून पैसा आला. १९९० च्या दशकात मॅकआर्थर फाउंडेशननं लोकसंख्या आणि प्रजनन आरोग्याच्या क्षेत्रात आपल्या देशात व्यक्तींना फेलोशिप दिल्या. अमेरिकेत २००० च्या आसपास सोरोस यांच्या ओपन सोसायटी इन्स्टिट्यूटनं खास डॉक्टरांसाठी धोरणवकिलीची फेलोशिप काढली होती. त्यातली एक गोष्ट मला उचलण्यासारखी वाटते: डॉक्टरनं एकट्यानं काही करायचं नाही, एखाद्या काम करणाऱ्या संघटनेशी जोडून घ्यायचं, ही तिथं अट होती. पण परदेशी पैशाचं राजकारण वेगळंच, त्यावर आपण या हॉलमध्ये पूर्वी पुष्कळ भांडलोय. आणि २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानंतर एका संस्थेनं असा पैसा दुसरीला देणंच बंद झालं. सरकारनं २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली, मध्ये तिला खंड पडला, पुन्हा सुरू झाली. हुशार मुलंमुली तिथं जातात, शिकतात. परंतु ते काम प्रशासनाच्या आतून करायचं. सरकारच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसायला कोण पैसे देणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ती अलीकडची बाजू म्हणजे काय, ते एका जनसुनवाईवरून सांगते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे हे पहिले पाच जिल्हे, आणि राज्यपातळीवर समन्वय पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे. पुढं मी अनेक जनसुनवायांना बसले. एका ठिकाणी एक बाई उठून म्हणाली, "मला इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं." अधिकारी म्हणाले, "आमच्याकडे साठा होता, बाईंचा गैरसमज झाला असेल." संपलं! बाई खाली बसली. त्या दिवशी आमच्याबरोबर एक इंटर्नशिप संपलेली मुलगी होती. तिनं उठून विचारलं, "साठा होता म्हणता, तर त्या तारखेचं साठा रजिस्टर बघू या का?" रजिस्टर आलं. शिल्लक शून्य. ती पोरगी एवढंच बोलली, पण बाईला 'गैरसमज' म्हणून खाली बसवणं त्यानंतर त्या केंद्रावर अवघड झालं. रजिस्टर कुठं असतं, त्यात कुठला रकाना बघायचा, हे तिला ठाऊक होतं, कारण ती तिथं काम करून आली होती.

मात्र आता ती मुलगी कुठं आहे? एका मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. चांगलं काम करते. तिला त्या वेळी आणखी एक वर्ष थांबायचं होतं आणि आमच्याकडे द्यायला पैसे नव्हते. हे मी हिशेबाच्या वहीतली नोंद म्हणून सांगतेय, तिला दोष म्हणून नाही.

आणि मग बीड. माझ्या जिन्यातल्या केसपेपरनंतर तीसेक वर्षांनी तोच प्रकार हजारांच्या संख्येनं समोर आला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जाताहेत हे बातम्यांतून आणि महिला किसान अधिकार मंचाच्या कामातून पुढं आलं, विधान परिषदेत प्रश्न झाला, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१९ मध्ये जे आकडे आले ते असे: ८२,३०९ बायांची पाहणी, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. शंभरात जवळजवळ सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार शंभरात तीनच्या आसपास आहे.

या आकड्याची कारणं आपल्याला माहीत आहेत. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. फडात ना मोरी, ना पाणी. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की "कॅन्सर होईल" म्हणून घाबरवतात. हे सगळं बाया स्वतःच सांगतात, त्यासाठी डॉक्टर लागत नाही. पण पुढचे काही प्रश्न आहेत. किती जणींची पॅप तपासणी झाली होती? गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली का? काढली असतील तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम, ठिसूळ हाडं, धडधड, त्याच्या उपचाराची जबाबदारी कुणाची? काढलेली गर्भपिशवी पॅथॉलॉजीकडे गेली का, आणि तिचा अहवाल काय होता? हे विचारायला आणि आलेलं उत्तर खोडून काढायला त्या शास्त्रातली बाई पाहिजे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांत ६५० बायांना तपासलं आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी सरकारी कार्यक्रमात बाई म्हणजे गरोदर बाई, नाहीतर ऑपरेशनच्या टार्गेटमधली बाई. बाया हे सांगत होत्याच पिढ्यान्‌पिढ्या, पण धोरण करणाऱ्यांनी ऐकलं ते तपासणीचा आकडा समोर आल्यावर. मला याचा आनंद होत नाही. बाईच्या शब्दाला डॉक्टरची पावती का लागावी? परंतु आज लागते, तोवर पावती लिहिणारी आपल्या बाजूची असावी.

इथं एक धोकाही आहे. डॉक्टर आली की माइक तिच्याकडे जातो. आज पण बघा, अर्धा तास मीच बोलतेय. वर्षभराच्या शिष्यवृत्तीनं जर एक नवी 'तज्ज्ञ' तयार झाली आणि मंत्रालयात बैठकीला तिलाच बोलावणं येऊ लागलं, आणि ज्यांच्या दुखण्यावर ती बोलते त्या बाया जिल्ह्यातच राहिल्या, तर आपण पैसे घालून आपलीच जागा घालवली असं होईल. पुष्कळ ठिकाणी असं झालेलं आहे.

म्हणून मसुद्यात आम्ही काही गोष्टी घातल्यात. पदवी मिळून पाच वर्षांच्या आत असलेली बाई. एमबीबीएसच पाहिजे असं नाही, बीएएमएस आणि बीएचएमएससुद्धा, कारण गावात प्रत्यक्षात त्याच असतात. पहिले तीन महिने तिनं दवाखाना चालवायचा नाही, बोलायचंही नाही. वस्तीत आणि आरोग्य केंद्राच्या रांगेत बसायचं. मी माझ्या वर्षात हे केलं तेव्हा वैतागले होते. एवढं शिकून नुसतं बसायचं? पण पाठ केलेलं पुस्तक तिथंच उलगडलं. 'तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र' हे मी परीक्षेत लिहिलं होतं; त्या केंद्राला पोचायला एसटी सकाळी एकच आहे आणि तिनं गेलं तर मजुरी बुडते, हे रांगेत कळलं. नंतर शासन निर्णय वाचणं, अंदाजपत्रक वाचणं, माहितीचा अधिकार वापरणं. शेवटचे चार महिने एकच प्रश्न घेऊन त्याचा पाठपुरावा, मग तो गर्भपिशवीचा असो नाहीतर रुग्णहक्कांच्या सनदेचा. २०२१ च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांना ती सनद दर्शनी भागात लावायला सांगितलंय. आपल्या पेठेतल्या किती दवाखान्यांत ती दिसते, ते येताजाता बघा.

तिसऱ्या कलमावर मात्र आमच्यात एकमत नाही. सकाळच्या त्या ताईंच्या प्रश्नानंतर मी ते जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलीनं बदललंय. आधी लिहिलं होतं, रक्कम डॉक्टरला द्यावी. आता लिहिलंय, रक्कम दोघींची: एक डॉक्टर आणि तिच्याबरोबर वर्षभर फिरणारी एक आशा किंवा आरोग्यसखी, जिला तिच्या प्रत्येक दिवसाचे पैसे मिळतील. दोघींची नेमणूक एकत्र, अहवालावर नाव दोघींचं. आमच्या समितीतल्या एक ताई म्हणतात, मग पैसे एकीलाच पुरणार नाहीत, तिथं दोघी कुठून, आणि डॉक्टरणीला इतक्या कमी रकमेत यायला परवडणार नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडे जमलेली रक्कम फार थोडी आहे, ती सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं, सातवं कलम. डॉक्टरणीनं एखाद्या केसपेपरवर मत लिहून सही केली आणि तिला नोटीस आली, बदनामीचा दावा झाला, तर खर्च कोण करणार? मी सुचवलंय की प्रत्येक मतावर तिच्या सहीखाली संघटनेचीही सही असावी. ते झालं तर नोटीस आपल्या सगळ्यांच्या नावानं येईल. ज्यांच्या संघटना नोंदणीकृत आहेत त्यांनी हे कलम आपल्या कार्यकारिणीत आधी वाचावं आणि मगच हो म्हणावं.

मसुद्याच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. पेन्सिलीची दुरुस्ती एकाच प्रतीवर केलीय, ती सध्या भोरच्या ताईंकडे आहे.